तारेपासून जमिनीपर्यंत: एका नव्या इलेक्ट्रिक गिटारच्या वायरिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी पुण्यात गिटारी दुरुस्त करतो. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) घासणं, नट बसवणं, सेटअप हे रोजचं आहेच, पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो झाकणाखालच्या वायरिंगमध्ये. हे प्रकरण गेल्या डिसेंबरातलं. ज्याची गिटार आहे त्याला आणि त्याच्या घरमालकीण आजींना विचारून लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पेठेतल्या एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावरच्या खोलीत भाड्याने राहतो. चार वर्षं साधी अकूस्टिक गिटार वाजवली होती. शिकवण्यांचे साठवलेले आणि वडिलांनी वर घातलेले असे मिळून चोवीस हजारांची पहिली इलेक्ट्रिक गिटार त्याने घेतली, सोबत एक छोटा अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा स्पीकर. कॉलेजचं गॅदरिंग बारा दिवसांवर होतं आणि दोन गाण्यांत त्याचा सोलो होता.

गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची. नेककडे, म्हणजे मानेच्या बाजूला, आणि मध्ये एकेक सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारी चुंबकाभोवतीची गुंडाळी), ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे गिटारीच्या अंगावर टेकतात तिथे, दोन गुंडाळ्यांचा हंबकर. एक व्हॉल्यूम, आवाजाची धार कमी-जास्त करणारे दोन टोन, आणि कोणता पिकअप चालू ठेवायचा ते ठरवणारा पाच जागांचा सिलेक्टर स्विच: पहिली जागा ब्रिजची, तिसरी मधल्याची, पाचवी नेकची, दुसरी आणि चौथी शेजारच्या दोघांची. ही मांडणी फेंडर कंपनीच्या १९५४ सालच्या मूळ गिटारवरून आलेली आहे. तेव्हा स्विचला तीनच जागा होत्या. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअपचा एकत्र आवाज काढत, आणि पाच जागांचा स्विच कंपनीने १९७७ मध्ये द्यायला सुरुवात केली. मूळ मांडणीत एक टोन नेक पिकअपचा, दुसरा मधल्याचा, आणि ब्रिजला टोनच नाही. हे या मुलाला कुणी सांगितलेलं नव्हतं. गिटारीच्या खोक्यात वॉरंटी कार्ड आणि दोन ॲलन की होत्या, वायरिंगचा कागद नव्हता.

तक्रारी

घेतल्यानंतर चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला. वहीच्या पानावर चार ओळी लिहून आणल्या होत्या:

१. दोन्ही टोन बंद.
२. व्हॉल्यूम १० पासून ३ पर्यंत सारखाच, मग एकदम गायब.
३. स्विच दुसऱ्या जागेवर नेला की आवाज पातळ होतो.
४. सतत घूंऽऽ. तारांना हात लावला तरी जात नाही. कधी कधी जातो.

चौथ्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

त्याच्या मते गिटारीचं वायरिंगच मुळात खराब होतं. दुकानाची परत घेण्याची मुदत सात दिवसांची, म्हणजे हातात तीन दिवस उरलेले. शिवाय त्याने पिकअपचा नवा संच आणि पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) ऑनलाइन मागवून ठेवले होते. "दादा, सगळं काढून नवीनच टाकू या का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

कागद वाचताना एक गोष्ट मला लगेच जाणवली. चार तक्रारी एकाच गिटारीच्या असल्या तरी एका जातीच्या नव्हत्या. पहिल्या तीन रोज, दर वेळी, तशाच्या तशा होत होत्या. चौथी येत-जात होती. जे नेमाने घडतं ते बहुधा रचनेतून आलेलं असतं. जे कधी घडतं, कधी नाही, तिथे कुठेतरी काहीतरी सैल असतं.

गिटार न उघडता काय कळलं

पहिला निर्णय असा घेतला की स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. परत करण्याचा मार्ग मोकळा असेपर्यंत वस्तूला हात न लावता जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पण गिटारीच्या आत काय जोडलं आहे याचा मोठा भाग बाहेरून मोजता येतो. केबलचं एक टोक गिटारीत घालायचं, दुसऱ्या मोकळ्या जॅकच्या टोकाला मल्टिमीटरचा एक प्रोब लावायचा आणि जॅकच्या नळीला दुसरा. व्हॉल्यूम पूर्ण वर. मग स्विच एकेका जागेवर नेत रेझिस्टन्स लिहीत जायचा.

आकडे किलोओममध्ये असे आले. ब्रिज १३.८, दुसरी जागा ३.३, मधला ६.०, चौथी जागा ३.०, नेक ५.९.

मी त्याला म्हटलं, तू इंजिनिअरिंगचा ना, आता तूच सांग. तो वहीवर गणित करायला बसला. मीटरला दिसणारा आकडा म्हणजे पिकअप आणि व्हॉल्यूमचा पॉट समांतर. पॉट ५०० किलोओमचा धरला तर हंबकर १४.२ च्या आसपास, मधला ६.१, नेक ६.०. चौथ्या जागेवर मधला आणि नेक समांतर, म्हणजे साधारण ३.०. जुळलं. दुसऱ्या जागेवर अख्खा हंबकर आणि मधला समांतर असता तर ४.२ यायला हवं होतं. आले ३.३. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "अर्धाच चालू आहे."

बरोबर होतं. हंबकरमध्ये दोन कॉइल एकामागे एक जोडलेल्या असतात. ७.१ ची एकच कॉइल धरली तर उत्तर ३.३ येतं. कारखान्याने दुसऱ्या जागेवर हंबकरची एक कॉइल आपोआप बंद होईल अशी सोय मुद्दाम केली होती, कारण अख्खा हंबकर आणि सिंगल कॉइल एकत्र केले तर मधल्याचा आवाज दबून जातो. पातळपणा हा दोष नव्हता. त्या जागेचा आवाजच तो.

पहिल्या तक्रारीचं उत्तर त्याहून सोपं निघालं. तो दिवसभर ब्रिज पिकअपवर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज) लावून वाजवत होता आणि ब्रिजला टोन जोडलेलाच नव्हता. स्विच पाचव्या जागेवर नेऊन पहिला टोन फिरवला, तिसऱ्या जागेवर नेऊन दुसरा. दोन्ही ठणठणीत.

व्हॉल्यूमचं जरा समजावून सांगावं लागलं. पॉट दोन चालींचे येतात. सरळ चालीचा पॉट नॉब अर्धा केल्यावर अर्धा व्होल्टेज सोडतो, पण कानाला ते अर्धं वाटत नाही, किंचित कमी वाटतं. सगळा फरक मग शेवटच्या दोन-तीन आकड्यांत कोंबला जातो. लॉग चालीचा पॉट अर्ध्यावर दहा-पंधरा टक्केच सोडतो, आणि कानाला उतार सावकाश जाणवतो. त्यात डिस्टॉर्शन लावलेलं असलं की व्हॉल्यूम उतरवल्यावर आधी डिस्टॉर्शन कमी होतं, आवाज नंतर. स्वस्त गिटारींत सरळ चालीचे पॉट सर्रास दिसतात. ही काटकसर मला पटत नाही, पण तिला नादुरुस्ती म्हणता येणार नाही.

राहिली चौथी. हंबकर चुंबकीय घूं बरीचशी मारून टाकतो, तरीही पहिल्या जागेवर घूं येत होती आणि हाताच्या स्पर्शाने कधी बदलत होती, कधी नाही. इथे पिकअपवरचा संशय संपला. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड सलग असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर, ठेवून एक प्रोब जॅकच्या नळीला, दुसरा ब्रिजला लावला. मीटरने आवाज केला पाहिजे, शांत होता. ट्रेमोलोची, म्हणजे ब्रिज हलवून सूर डळमळवणारी, दांडी दाबली तर एकदा टुणकन वाजला आणि पुन्हा गप्प.

तारा ब्रिजमधून आणि मागच्या स्प्रिंगांमधून ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक टोकाला, जोडलेल्या असतात. आपलं शरीर घरातल्या विजेची घूं गोळा करतं आणि पिकअपपाशी आणून सोडतं. तारांना हात लागला की शरीर ग्राउंडला जातं आणि घूं उतरते. हे नॉर्मल आहे, निरोगी गिटारीची खूणच आहे. या गिटारीत ती एक वायर कुठेतरी सुटत होती.

पर्याय

तिघांनी मिळून विचार केला, कारण मुलाने वडिलांना फोन लावला होता. वडिलांचा प्रश्न सरळ होता: "साहेब, नव्या वस्तूला हात लावायचा कशाला? बदलूनच घेऊ की." प्रश्न योग्य होता आणि मी तसं सांगितलं.

बदलून घेतली तर पैसे लागणार नव्हते, पण दुकानाने फोनवर दुसरा नग यायला पंधरा दिवस सांगितले. गॅदरिंग हुकणार. शिवाय पहिल्या तीन गोष्टी नव्या नगातही तशाच येणार होत्या.

सगळं वायरिंग आणि पिकअप बदलायचं हा मुलाचा आवडता पर्याय. त्यातली अडचण मी त्याला गिटार उलटी करून दाखवली. पिकअप आणि पॉट पुढच्या प्लेटखाली असतात. तारांची ग्राउंड वायर मागे, स्प्रिंगच्या खाचेत जाते. नव्या संचात ती येत नाही. सात-आठ हजार खर्च करून झाल्यावरही घूं जशीच्या तशी राहिली असती, आणि मग कुठे शोधायचं हे कुणालाच कळलं नसतं.

तिसरा पर्याय, फक्त ती एक वायर नीट करायची. दुकान म्हणालं, मागचं झाकण उघडून बघायला हरकत नाही, पण सोल्डरिंग केलं की परत घेणार नाही. बाकी गिटार मी तपासली होती. नेक सरळ, फ्रेट समान, लाकडाला कुठे चीर नाही. या किमतीत इतका चांगला नेक दर वेळी मिळत नाही. मी माझं मत दिलं, निर्णय त्याच्यावर सोडला. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "ठेवतो, दादा. हीच ठेवतो."

स्प्रिंगखालची वायर

मागच्या झाकणाचे सहा स्क्रू काढले, आधी फोटो घेतले. खाचेत तीन स्प्रिंगा आणि त्यांना धरणारी लोखंडी पट्टी, जिला आम्ही क्लॉ म्हणतो. तिच्या कडेला काळी वायर आणि त्यावर सोल्डरचा गोल, मळकट थेंब. चिमट्याने वायर हलकेच ओढली. थेंबासकट ती हातात आली. थेंबाचा खालचा भाग सपाट आणि गुळगुळीत होता, आणि क्लॉवर जिथे तो बसला होता तिथला मुलामा आरशासारखा स्वच्छ. सोल्डर धातूला धरलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं. इतक्या जाड पट्टीला छोट्या आयर्नची उष्णता पुरत नाही. सोल्डर वितळतं, पट्टी थंडच राहते.

पट्टीची ती जागा पॉलिशपेपरने घासून मुलामा काढला, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, ६० वॉटचं आयर्न रुंद टोकाने धरून आधी पट्टीवर सोल्डरचा पातळ थर बसवला आणि मग वायर. सोल्डर पाण्यासारखं पसरलं. मीटर वाजला आणि दांडी कितीही हलवली तरी वाजतच राहिला. माझ्या अँपवर घूं तारांना हात लावताक्षणी उतरत होती. मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. संध्याकाळी तो गिटार घेऊन गेला.

दुसरा फोन

दुसऱ्या रात्री साडेनऊला फोन. "दादा, घूं गेली. पण तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. आधी असं होत नव्हतं."

मी त्याला अँपचं बटण बंद करायला सांगितलं, मग भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढायला. गिटार बाजूला ठेव, मी येईपर्यंत वाजवू नकोस. फोन ठेवल्यावर मला माझी चूक स्वच्छ दिसली. वायर सुटलेली होती तोवर तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. अँपच्या पत्र्यावर जे काही होतं ते त्याच्या बोटांपर्यंत पोचत नव्हतं. मी ती वायर जोडली आणि पोचायला लागलं. माझं सोल्डरिंग निर्दोष होतं. पण गिटार जिथे वाजवली जाणार त्या खोलीबद्दल मी त्याला एक शब्द विचारला नव्हता.

या झिणझिण्या हलक्यात घ्यायच्या नसतात. यार्डबर्ड्‌स या बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी नीट अर्थिंग नसलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. त्याआधी १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्वान्सीच्या मंचावर गेला. त्याच्या एका हातात गिटार होती आणि दुसरा हात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला लागला.

सकाळी वाड्यात गेलो. खोलीत भिंतीवर लाकडी पट्टीतून नेलेली जुनी दोन वायरींची फिटिंग, त्याच्या टोकाला नवा पांढरा तीन पिनांचा सॉकेट. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डात अँप आणि लॅपटॉपचा चार्जर. मोकळ्या सॉकेटवर मीटर लावला. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यामध्ये २३१ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थ (जमिनीत जाणारी वायर) यांच्यामध्ये तितकेच यायला हवेत, आले ११९. न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्याच्या जवळ हवेत, आले ११२. चार्जर काढला की दोन्ही आकडे भरकटायला लागले.

मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला. फेजला वायर, न्यूट्रलला वायर. अर्थच्या पितळी स्क्रूवर एकही ओरखडा नव्हता. तिथे कधीच काही जोडलेलं नव्हतं.

बोर्डाच्या मागे काय चाललं आहे ते मुलाला वहीवर काढून दाखवलं. चार्जरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी दोन बारीक कपॅसिटर असतात, एक फेजपासून अर्थला आणि एक न्यूट्रलपासून अर्थला. अर्थ जमिनीत गेलेला असेल तर ती गळती गुपचूप जमिनीत जाते. अर्थ हवेत लोंबकळत असेल तर तिथे निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. एक्स्टेन्शन बोर्डात सगळ्यांच्या अर्थ पिना एकमेकींना जोडलेल्या, म्हणून चार्जरची गळती अँपच्या पत्र्यावर, तिथून केबलने गिटारीत आणि आता तारांवर. ही गळती अगदी बारीक, नुसत्या मुंग्या आणणारी. पण त्याच बोर्डात उद्या खराब झालेली इस्त्री लावली असती तर तारांवर पूर्ण २३० व्होल्ट आले असते.

खाली आजी आमचं बोलणं ऐकत होत्या. म्हणाल्या, "अरे, माझ्या फ्रिजलापण मुंग्या येतात. म्हणून तर पुढे पाट ठेवलाय." फ्रिजपुढे खरोखरच सागवानी पाट होता, जेवायला बसायचा. किती वर्षं त्या त्यावर उभं राहून फ्रिज उघडत होत्या त्यांना आठवत नव्हतं.

वाड्याचं अर्थिंग

पहिला वायरमन आला आणि म्हणाला, न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेला टाकून देतो, दहा मिनिटांचं काम. मीटरवर आकडे लगेच सुंदर दिसले असते. पण जुन्या फिटिंगमध्ये न्यूट्रलची वायर कुठेतरी तुटली की त्या क्षणी अँप, फ्रिज, तारा, सगळ्यांवर फेज येतो. मी आणि मुलगा दोघांनीही हात जोडून नाही म्हटलं. नळाच्या पाइपला जोडणं हा जुन्या पेठांतला दुसरा नेहमीचा उपाय, पण वाड्यात खालपासून वरपर्यंत प्लॅस्टिकचे पाइप होते.

गिटारीच्या बाजूनेही दोन वाटा होत्या. मी जोडलेली वायर पुन्हा तोडायची किंवा त्या वायरमध्ये कपॅसिटर आणि रेझिस्टर घालून शॉकचा करंट अडवायचा. दुसरा उपाय चांगला आहे, तो वापरणाऱ्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. पण त्याने फक्त गिटार सुरक्षित होते. अँपच्या पत्र्याला किंवा जॅकला हात लागायचा तो लागतोच, आणि आजींचा पाट जागेवरच राहतो.

आजींना मी खर्चाची कल्पना दिली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. वरच्या दोन्ही खोल्यांतल्या मुलांनी वाटा उचलायची तयारी दाखवल्यावर म्हणाल्या, "कर एकदाचं." दुसरा वायरमन, वयस्कर आणि कमी बोलणारा, त्याने मागच्या अंगणात हौदाजवळ खड्डा घेतला. मुलामा दिलेला अडीच मीटरचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण. तिथून मीटरच्या बोर्डापर्यंत जाड वायर, बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपचा आरसीसीबी, आणि प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत हिरवी वायर. पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मुलाने बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन अँप मित्राकडून आणून सराव केला. भिंतीशी संबंधच नाही, त्यामुळे मलाही निवांत झोप लागली.

निष्पत्ती

काम झाल्यावर तोच सॉकेट पुन्हा मोजला. फेज ते अर्थ २२९, न्यूट्रल ते अर्थ १.२. तारांवर, जॅकवर, अँपच्या पत्र्यावर काही जाणवेना. गॅदरिंगला दोन्ही सोलो झाले. तिथे त्याने अँप लावायच्या आधी हॉलच्या सॉकेटवर स्वतःचा मीटर लावला, हे मला त्याच्या मित्राने सांगितलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

तिसऱ्या आणि पाचव्या जागेवर थोडी घूं आजही आहे. सिंगल कॉइलचा तो स्वभाव आहे. चौथ्या जागेवर ती जाते, कारण मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा आहे. तारांचा आवाज एकमेकांत मिळतो, घूं एकमेकींना खोडते. दुसऱ्या जागेवरही तेच घडतं, म्हणजे हंबकरची कोणती कॉइल चालू ठेवायची हेही कारखान्याने विचार करून ठरवलं होतं. पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरची खरखर मात्र पंखा मधल्या वेगावर असला की येते. वाजवताना तो पंखा पूर्ण किंवा बंद ठेवतो.

गॅदरिंगनंतर एका रविवारी पुढची प्लेट उघडून आम्ही आतलं सगळं वायरिंग कागदावर उतरवलं. स्विचचं चित्र त्याने काढलं, मी तपासलं. मग दोनच बदल केले. दुसऱ्या टोनची वायर स्विचवर मधल्या पिकअपच्या पायावरून काढून ब्रिजच्या पायावर लावली. एक वायर, दोन सांधे. आता ज्या पिकअपवर तो सगळ्यात जास्त वाजवतो त्याला टोन आहे, मधल्याला नाही, आणि त्याला ते चालतं. दुसरा बदल व्हॉल्यूमच्या पॉटचा. बुधवार पेठेत तो पासोड्या विठोबाच्या देवळापाशी फिरला. चार दुकानांत ५०० किलोओमचा पॉट मागितल्यावर पाठीवर बी लिहिलेला, म्हणजे सरळ चालीचा मिळाला. पाचव्या दुकानात ए लिहिलेला सापडला. पिकअपचा नवा संच खोकं न उघडता परत गेला.

व्हॉल्यूम उतरवला की आवाजाची धार थोडी बोथट होते, ही त्याची नवी तक्रार आहे. पॉटवर एक छोटा कपॅसिटर आणि रेझिस्टर लावून त्यावर इलाज करता येतो. पण ती बोथट धार काही वादक मुद्दाम वापरतात, म्हणून आणखी महिनाभर तशीच वाजवून बघ असं मी त्याला सांगितलं आहे.

आजींचा पाट आता वर मुलाच्या खोलीत असतो. त्यावर मांडी घालून तो गिटार वाजवतो. फ्रिजपुढे फरशी मोकळी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मोजूनच मग उघडायचं हा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. बाहेरूनच केलेल्या तपासणीने तीन तक्रारी कुठेही स्क्रू न काढता मिटवल्या, आणि परत करायचं की ठेवायचं हे मुलाला माहिती हातात घेऊन ठरवता आलं. वायरिंग कागदावर उतरवायचं काम मात्र आम्ही सगळ्यात शेवटी केलं. ते सोल्डरिंगच्या आधी व्हायला हवं होतं. त्या दिवशी घाई होती ती माझीच. गॅदरिंगला अजून आठ दिवस होते.

क्लॉचा निसटलेला सांधा दुकानाला फोटोसकट कळवायला हवा होता. त्याच खेपेतल्या दुसऱ्या गिटारींत तोच दोष असू शकतो आणि त्या कुणाच्या तरी खोलीत असतील. ते मी महिन्याने केलं.

सर्वांत मोठी गोष्ट तारांच्या वायरची. ती जोडण्याआधी मी फक्त एवढं विचारायला हवं होतं की तू वाजवतोस कुठे, प्लग कशात घालतोस. उत्तरात जुना वाडा आणि एक्स्टेन्शन बोर्ड आला असता तर गिटार माझ्याकडेच ठेवली असती आणि आधी खोली बघितली असती. मध्ये एक रात्र गेली. त्या रात्री बोर्डात इस्त्री नव्हती, एवढंच.

आता दुरुस्तीला गिटार आली की नाव-नंबराच्या खाली मी आणखी एक प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहून घेतो: घरी फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात का? गेल्या तीन महिन्यांत चार जण हो म्हणाले. चौघांच्याही घरी मी मीटर घेऊन गेलो. दोन घरी सॉकेटमध्ये हिरवी वायर होती, पण मीटरच्या खोलीत ती कशालाच जोडलेली नव्हती.